कार्डे पुष्कळ, दवाखाना कोठे?

सरकारने सर्वांच्या औषधपाण्याचा भार उचलावा काय, हा प्रश्न आपल्या मंडळींच्या बैठकीत निघाला की चर्चा ठरावीक वळणाने जाते. एक जण म्हणतो, फुकट मिळालेल्या औषधाला किंमत राहत नाही. दुसरा म्हणतो, सरकारी डॉक्टर या तालुक्यात टिकतच नाही, मग तेथे पैसा ओतून काय उपयोग? तिसरा, बहुधा बेळगाव-पुण्यास शिकून आलेला, सुचवितो की सरकारने विम्याचा हप्ता तेवढा भरावा, रुग्णालय ज्याचे त्याने निवडावे. या तिन्ही मतांना माझा स्पष्ट विरोध आहे. अन्यत्र कोठे ती मते कदाचित शोभतीलही. जोयड्यात राहून ती बाळगणे म्हणजे आपली घरे येथे कशी टिकली, हेच विसरणे होय.

आपली घराणी कोणी देशावरून आली, कोणी कोकणातून, कोणी गोव्यातून. ती आली तेव्हा या सुपा तालुक्याची ख्याती जंगलाइतकीच तापासाठी होती. एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरातही सुपा-हल्याळकडील हिवतापाची दखल घेतलेली आहे. हा ताप वैद्याच्या काढ्याने गेला नाही, नवसाने गेला नाही आणि कोणा खासगी डॉक्टरने फी घेऊन घालविला असेही नाही. १९४६ च्या सुमारास मुंबई प्रांताच्या आरोग्य खात्याने डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली धारवाड आणि आपला कानडा जिल्हा या दोन जिल्ह्यांत घरोघरी डीडीटी फवारण्याची मोहीम काढली. ग्रामीण भागात इतक्या विस्ताराने झालेल्या देशातील आरंभीच्या प्रयोगांपैकी हा एक. पुढे १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यामागे या अनुभवाचे बळ होते.

त्या मोहिमेचा एक विशेष ध्यानात घ्यावा. फवारणी वाड्याच्या भिंतीवर झाली आणि कुणब्याच्या कुडाच्या झोपडीवरही झाली. उत्पन्नाच्या दाखल्यावर घरे निवडली असती तर ती निष्फळच ठरली असती, कारण डासाला शिधापत्रिकेचा रंग कळत नाही. खर्च सरकारी खजिन्यातून झाला आणि लाभ सर्वांचा झाला. यालाच आज सार्वत्रिक सरकारी आरोग्यसेवा म्हणतात. 'फुकटाला किंमत नाही' असे ज्या ओसरीवर बसून आपण म्हणतो, ती ओसरी त्या फुकटानेच राखली.

यावर कोणी म्हणेल, हिवतापाची गोष्ट वेगळी. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार एकापासून दुसऱ्याला होत नाही, मग त्याचा खर्च शेजाऱ्याने का सोसावा? आक्षेप बिनबुडाचा नाही. परंतु १९४३ साली नेमलेल्या आणि १९४६ मध्ये अहवाल दिलेल्या भोर समितीने त्याचे उत्तर तेव्हाच दिले आहे: पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही पुरेशा उपचारांस मुकता कामा नये. समितीत आपले कामगारनेते ना. म. जोशीही होते. आणि शेजाऱ्याच्या खर्चाचेच म्हणाल, तर साबणाच्या वडीवर नि बिस्किटाच्या पुड्यावर कर भरणारा गवळी बेंगळुरू आणि दिल्लीच्या मोठ्या रुग्णालयांचा खर्च वर्षानुवर्षे सोसतच आला आहे. त्याला तेथील खाट दिसलीही नाही, ही गोष्ट निराळी.

आता विम्याकडे वळू. कर्नाटकात २००३ साली सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांसाठी 'यशस्विनी' योजना आली. ती २०१८ मध्ये 'आरोग्य कर्नाटक'मध्ये विलीन झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा वेगळी निघाली. त्याच २०१८ साली 'आयुष्मान भारत' आली आणि राज्याच्या योजनेशी जोडली गेली: दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार, वरच्यांना खर्चाच्या ३० टक्के, तेही दीड लाखाच्या मर्यादेत. २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला केंद्राने या छत्राखाली घेतले. या सर्व योजनांचा उपहास करण्याचा माझा हेतू नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के रक्कम रुग्णांच्या खिशातून जात होती. २०२१-२२ मध्ये ती ३९.४ टक्क्यांवर आली. या घसरणीत अशा योजनांचा काही वाटा असणारच.

परंतु कार्ड चालते कोठे? यादीतल्या रुग्णालयाच्या खिडकीवर. आणि मोठी शस्त्रक्रिया करणारी रुग्णालये बेळगावला, हुबळीला, घाट उतरून कारवारला, अथवा अनमोडमार्गे गोव्यात बांबोळीला. मोठ्या शस्त्रक्रियेचे बिल चुकते होते, पण डिग्गीहून अथवा उळवीच्या पलीकडच्या वाडीवरून त्या खिडकीपर्यंत पोचण्याचा प्रवास कोणत्याही कार्डात भरलेला नाही. कर्नाटकात २००८ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. तिला हाक मारायला आधी मोबाईलला रेंज लागते, आणि ती आली तरी वाडीपर्यंत रस्ता लागतो. रस्ता नसेल तेथे बांबूला घोंगडी बांधून माणूस खांद्यावरून आणावा लागतो. रुग्णालय ज्याचे त्याने निवडावे, असे सुचविणाऱ्या आमच्या मित्रांनी या झोळीतल्या माणसाला निवड विचारून पाहावी.

खासगी रुग्णालये येथे का येत नाहीत, यात गूढ काही नाही. तालुक्याचा विस्तार सुमारे १,९०० चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे वस्ती सुमारे ५२ हजार. दर चौरस किलोमीटरला तीस माणसेही नाहीत. त्यातून मोठा मुलूख काळी व्याघ्र प्रकल्पाचा. इतक्या विरळ वस्तीत शस्त्रक्रियागृह उभारून नफा काढणे कोणालाच साधणारे नाही, आणि व्यापाऱ्याला त्याचा दोषही देता येत नाही. विमा ग्राहकाच्या हाती पैसा देतो. दुकान उघडण्याचे काम तो बाजारावर सोडतो. जेथे बाजारच भरत नाही तेथे तो पैसा कागदावर राहतो.

मात्र सरकारही येथे बाजाराचेच गणित मांडते, हे मला अधिक लागते. प्राथमिक आरोग्य केंद्राचा सरकारी मापदंड लोकसंख्येचा आहे: मैदानी भागात ३० हजारांमागे एक, डोंगराळ आणि आदिवासी भागात २० हजारांमागे एक. केवळ त्यावर विसंबले तर आपल्या वाट्याला अडीच केंद्रे येतात, म्हणजे एका केंद्राने सातशेहून अधिक चौरस किलोमीटर सांभाळायचे. बृहन्मुंबईचा सगळा विस्तार सुमारे ६०० चौरस किलोमीटर आहे. मुंबईकरांना उद्या सांगून पाहा, कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंत मिळून एकच दवाखाना पुरेसा आहे म्हणून! डोकी मोजण्याची ही रीतच येथे चुकीची आहे. मोजायचे ते अंतर, आणि तेही पावसाळ्यातले.

विरळ वस्तीचा प्रश्न जगात आपल्यालाच पडला असेही नाही. कॅनडातील सस्कॅचवान हा गव्हाच्या शेतांचा प्रांत. तेथेही दूरदूरहून आलेली वसाहतकरी कुटुंबे मैलामैलांवर पसरलेली. फीवर डॉक्टरचा संसार चालेना, म्हणून डॉक्टर गाव सोडून जाऊ लागले. तेव्हा, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, तेथील ग्रामीण नगरपालिकांनी स्थानिक करातून डॉक्टरला पगार देऊन ठेवून घेतले. १९४६ मध्ये स्विफ्ट करंट या भागाने सर्व रहिवाशांसाठी करावर चालणारी आरोग्यव्यवस्था उभारली आणि १९६२ मध्ये सबंध प्रांताने ती स्वीकारली. त्या वेळी डॉक्टरांनी २३ दिवस संप केला, पण योजना टिकली आणि पुढे सगळ्या कॅनडाची झाली. हे काही पुस्तकी समाजवाद्यांचे काम नव्हते. आपल्यासारख्याच, कोणापुढे हात पसरण्याचा तिटकारा असलेल्या शेतकऱ्यांनी हिशेब करून पाहिला, एवढेच.

सरकारी डॉक्टर टिकत नाही, या तक्रारीचेही उत्तर यात आहे. तक्रार खरी आहे. पण राहायला धड घर नाही, मुलांना शाळा नाही, सोबतीला भूलतज्ज्ञ नाही, अशा ठिकाणी एकट्या तरुण डॉक्टरने सेवाभावावर किती वर्षे काढावीत? ज्या खात्यावर खर्च करायचाच नाही, त्याची दुरवस्था दाखवून खर्च करू नका म्हणणे, हा उलटा न्याय झाला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरविले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता, आणि त्या वर्षी करोनाची साथ चालू होती.

एक नाजूक मुद्दा टाळून चालणार नाही. एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने महात्मा फुले जनआरोग्य योजना दाव्यातील ८६५ सीमागावांना लागू केली. सुपा तालुक्यातील गावांवरही महाराष्ट्राचा दावा असल्याने आपल्यापैकी अनेकांची मने उचंबळली. कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जाहीर विरोध केला आणि मग पंधरा-वीस दिवस वृत्तपत्रांत भाषेचा, अस्मितेचा नि न्यायप्रविष्ट प्रकरणाचा धुरळा उडाला. महाराष्ट्राने आठवण ठेवली याचे मलाही बरे वाटले. पण त्या सर्व गदारोळात तालुक्यात एक खाट वाढली काय? कार्ड मुंबईचे की बेंगळुरूचे, यावर भांडताना दवाखाना दोघांनीही दिलेला नाही, हे कोणी बोलेना.

राज्याराज्यांनी वाटलेल्या हक्काचे दुसरे टोक आपण गोव्यात पाहिले आहे. १८४२ च्या पोर्तुगीज वैद्यकशाळेचा वारसा सांगणारे गोवा वैद्यकीय महाविद्यालय या भागाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे आधारस्थान. जानेवारी २०१८ पासून तेथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले. सिंधुदुर्गात त्यावर मोठे आंदोलन झाले, म्हणजे महाराष्ट्राचे नागरिकही तेथे परकेच ठरले. गोव्याच्या करदात्याची बाजूही समजण्यासारखी आहे. म्हणूनच शेजारच्या राज्याच्या दयेवर तालुक्याची प्रकृती सोडता येणार नाही.

आणि आता थोडे आपल्याच घरांविषयी, कारण हा लेख वाचणारे बहुतेक त्याच घरांतले आहेत. आपल्यापैकी कोणाच्या छातीत दुखले तर दारात वाहन असते, बेळगावात भाचा असतो, पुण्यात मुलगी असते. म्हणून आपल्याला हा प्रश्न जिव्हारी लागत नाही. पण साप चावतो तेव्हा हा सारा गोतावळा निरुपयोगी ठरतो; तेथे दोन-तीन तासांचा प्रवास परवडत नाही. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद सरकारला कळविणे सक्तीचे केले, ते योग्यच झाले. नोंदीबरोबर प्रत्येक आरोग्य केंद्रात बारमाही सर्पदंशाची लस आणि ती टोचण्यास न घाबरणारा डॉक्टर हवा. ही लस वाड्यासाठी असेल तर ती झोपडीसाठीही असेल. निम्म्या तालुक्यापुरती ती ठेवताच येत नाही.

जुलै २०२२ मध्ये शिरूर टोलनाक्यावर होन्नावरहून रुग्णाला नेणारी रुग्णवाहिका उलटून माणसे गेली, तेव्हा सबंध उत्तर कन्नड जिल्हा सुसज्ज रुग्णालयाच्या मागणीसाठी खवळून उठला. 'रुग्णालय नाही तर मत नाही' ही त्या वेळची घोषणा होती. जिल्ह्याची मागणी रास्तच आहे; कारवारचे २०१३ चे वैद्यकीय महाविद्यालय त्या तोडीचे व्हायला हवे. परंतु किनाऱ्यावर इमारत उभी राहिली म्हणजे घाटमाथ्याचे काम झाले, असे समजू नये. आपली मागणी निराळी नोंदवावी लागेल: केंद्रांची संख्या अंतरावर ठरावी, जोयड्याच्या तालुका रुग्णालयात प्रसूतीची शस्त्रक्रिया रात्रीही व्हावी, म्हणजे भूलतज्ज्ञ नि रक्तसाठा कायम असावा, डॉक्टर-परिचारिकांना घर आणि दुर्गम भागाचा वेगळा भत्ता मिळावा, आणि या कशासाठीही कोणत्याही रंगाचे कार्ड विचारले जाऊ नये.

हे ठराव ग्रामसभांतून जायला हवेत. कुंभारवाड्यापासून रामनगरपर्यंत ते एकाच मसुद्याने गेले तर जिल्हा पंचायतीला बाजूस सारता येणार नाहीत. मसुदा अर्थात कन्नडमध्ये लिहावा लागेल. तो उत्तम लिहू शकतील अशी माणसे आपल्या बहुतेक घरांत आहेत.