बिल फाडले, जबाबदारी संपली?

फ्रान्समधील ‘पिप’ कंपनीने स्तनरोपणांत वैद्यकीय दर्जाऐवजी स्वस्त औद्योगिक सिलिकॉन भरले. २०१० मध्ये बिंग फुटले. पुढच्याच वर्षी तेथील सरकारने सुमारे ३० हजार महिलांना ही रोपणे काढून घेण्याचा सल्ला दिला. काढण्याचा खर्च सरकारी विम्याने उचलला. नवी बसवण्याचा मात्र कर्करोगानंतर स्तनाची पुनर्रचना करून घेतलेल्यांपुरताच. कंपनीचे संस्थापक जाँ-क्लोद मास यांना २०१३ मध्ये चार वर्षांची कैद सुनावली गेली.

तेवढ्याने प्रश्न मिटत नाही. चांगल्या दर्जाचे रोपणही जन्मभर टिकेलच असे नाही. त्याभोवतीची ऊती आकसून कडक होऊ शकते. सिलिकॉनचे रोपण आतल्या आत फाटले तरी अनेकदा जाणवतही नाही. म्हणूनच अमेरिकेचे औषध प्रशासन पाच-सहा वर्षांनी पहिली आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय तपासणी सुचवते. हा पुढचा खर्च शस्त्रक्रियेआधीच सांगायला हवा. कंपनी, मॉडेल आणि अनुक्रमांक लिहिलेले कार्ड रुग्णाच्या हाती हवे. ‘हौस केली, आता भोगा’ हे उत्तर डॉक्टरांना शोभत नाही, सरकारला तर मुळीच नाही.