रुखवतातला रुमाल आणि चारशे रुपयांचा स्कार्फ

"गोव्यात लोकरीचा स्कार्फ कशाला हवा?" हा प्रश्न मला गेल्या थंडीत निदान दहा जणींनी विचारला. विचारणारीने पौषातल्या जत्रेला देवळाच्या प्रांगणात, उघड्यावर बसून रात्रीचे नाटक पाहिलेले नाही, हे मी लगेच ओळखते. पहिला अंक गप्पांत जातो. दुसऱ्या अंकात चण्यांची पुडी संपते. तिसऱ्या अंकाच्या सुमाराला दंव पडायला लागते, खुर्चीचे लोखंड गार होते, आणि मग साडीचा पदर कितीही वेळा गुंडाळला तरी कान झाकले की पाठ उघडी पडते. अशा वेळी अंगाभोवती दोन वेढे बसतील असा रुंद, लांबलचक स्कार्फ काय चीज असते ते तिथे बसलेल्यालाच कळते!

पण आज मला थंडीबद्दल लिहायचे नाही. लिहायचे आहे ते तो स्कार्फ विणण्याबद्दल, आणि त्या निमित्ताने एका जुन्या रागाबद्दल.

आमच्या लहानपणी क्रोशा म्हणजे रुखवत. म्हापशातल्या आमच्या घरात मुलगी दहावीला पोचली की तिच्या हातात बारीक पोलादी सुई आणि पांढऱ्या सुती दोऱ्याची गुंडी दिली जायची. टीव्हीवरचा रुमाल, ताटावरचे जाळीदार झाकण, दारावरचे तोरण. लग्नात ते सगळे मांडायचे आणि वरपक्षाच्या बायकांनी उलटसुलट करून बघायचे. ते विणकाम नव्हे, परीक्षाच होती. आणि मी त्या परीक्षेत साफ नापास झाले. माझ्या गोल रुमालाची टोपी व्हायची. घाम आलेल्या हाताने दोरा काळा पडायचा. तीनदा उसवल्यावर आत्याने तो माझ्या हातून काढून घेतला आणि म्हणाली, "राहू दे. हिच्या हाताला वळणच नाही."

माझ्या रुखवतात नंतर सहा रुमाल मांडले गेले. सहाही आत्याने विणलेले. खाली नाव माझे. मी त्यानंतर पस्तीस वर्षे सुईला हात लावला नाही.

शेजारी एक ख्रिश्चन बाई राहायच्या. त्यांना आम्ही आंटी म्हणायचो. त्या चर्चमधल्या वेदीच्या वस्त्राला लेस विणत. त्यांच्या सोप्यावर बसले की त्या माझ्या हाताकडे बघून सांगत, "बाय, इतलें घट्ट ओडूं नाका." इतके घट्ट ओढू नको. मला विणकामात मिळालेला हा एकमेव खरा सल्ला, आणि तो कळायला मला पन्नाशी उलटावी लागली. नवशिक्याचा हात भीतीने आवळतो. आवळलेल्या टाक्यात सुई जात नाही. सुई गेली नाही की आपल्याला वाटते, आपल्यालाच जमत नाही.

तर झाले असे, की गेल्या दिवाळीत बेळगावची भाची आली ती पिशवीत अंगठ्याएवढी जाड सुई आणि मोहरीच्या रंगाची लोकर घेऊन. "मावशी, आठवड्यात स्कार्फ करणार. बेळगावला सकाळी कॉलेजला जाताना कान गोठतात." मी मनात म्हटले, हे कसले विणकाम! एवढ्या जाड सुईने माणूस दोरखंड वळेल. चार दिवसांनी तिचा स्कार्फ माझ्या गुडघ्याइतका लांब झाला होता आणि माझ्या हातात दुसरी सुई होती.

माझे म्हणणे एवढेच आहे: क्रोशा शिकवायचा असेल तर बारीक रुमालापासून सुरुवात करू नका. मोठ्या, जाड, स्वस्त आणि अंगाला उपयोगी पडणाऱ्या वस्तूपासून करा. आपण इतकी वर्षे उलटे करत आलो. सगळ्यांत कठीण काम सगळ्यांत आधी दिले आणि ज्या मुली मागे राहिल्या त्यांच्या हाताला नावे ठेवली.

आता कृती सांगते, कारण नुसते मत देऊन कोणाचे कान झाकत नाहीत.

आठ मिलिमीटरची सुई घ्या. साधी ॲक्रिलिक लोकर अर्धा किलो, सगळी एकदम घ्या, कारण पुढच्या खेपेला त्याच रंगाची छटा किंचित वेगळी निघते. रंग फिका किंवा मध्यम असावा. काळ्या लोकरीत टाका दिसत नाही, आणि केसाळ लोकर उसवता येत नाही. मला शुक्रवारच्या बाजारात लोकरीला सव्वातीनशे रुपये पडले आणि सुईला पन्नास. म्हणजे चारशेच्या आत.

दोन गुंड्यांचे दोन धागे एकत्र धरायचे. चौतीस साखळ्या घालायच्या, सैल. सुईपासून तिसऱ्या साखळीत पहिला अर्धा खांब. म्हणजे सुईवर धागा घ्यायचा, सुई टाक्यात घालायची, धागा ओढून आणायचा. सुईवर तीन फेरे झाले की पुन्हा धागा घेऊन तिन्हींतून एकदम बाहेर काढायचा. ओळीच्या शेवटी बत्तीस खांब झाले पाहिजेत. मग दोन साखळ्या, काम फिरवायचे, आणि पुन्हा बत्तीस. त्या दोन साखळ्या मोजणीत धरायच्या नाहीत. बस्स, एवढेच. रुंदी तेरा-चौदा इंच होते. साधारण एकशेवीस ओळींत दोन मीटर लांबी भरते. नवशिकीला एका ओळीला पाच मिनिटे धरली तर दहा तासांचे काम. रोज रात्री दीड तास बसलात तर आठवड्यात स्कार्फ गळ्यात.

एक चूक मात्र सगळ्याच करतात. ओळीचा शेवटचा खांब सुटतो. एक सुटला तर कळत नाही, पण दहा ओळींनी स्कार्फ निमुळता होऊ लागतो. उपाय सोपा आहे. ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या खांबात सेफ्टी पिन अडकवायची आणि प्रत्येक ओळ मोजायची. बायका देवाचे नाव मोजतात, तसे खांब मोजायचे. शेवटी सुटी टोके मोठ्या सुईने आतल्या आत ओवून टाकायची, गाठ मारून कापून टाकायची नाहीत. धुतल्यावर दोरीवर टांगायचा नाही, भिजलेल्या वजनाने तो लांबत जातो. चटईवर पसरून सावलीत वाळवायचा. इस्त्री नको आणि चुलीजवळ जाणे नको, ॲक्रिलिक वितळते.

"ॲक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच की!" असे कोणी म्हणेल. खरे आहे. खरी लोकर जास्त ऊबदार असते. पण ती महाग, आणि आमच्या चार महिन्यांच्या पावसात कपाटात ठेवली तर कसर तिची चाळण करते. पहिल्या स्कार्फला तो जिवाला घोर नको. त्याहून स्वस्त हवे असेल तर घरातला जुना स्वेटर उसवा. आधी बाजूची शिवण बघून घ्या. कापून शिवलेला असेल तर धाग्याचे तुकडेच हाती येतात. अखंड विणलेला असेल तर खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळत लडी करा, धुवा, आणि खाली थोडे वजन बांधून वाळत घाला. कुरळेपणा जातो. आमच्या आयांनी हेच केले. एका स्वेटरचे तीन जन्म होत. मोठ्याचा स्वेटर, मग धाकट्याचा, मग बाळाचे टोपडे.

या सगळ्यावर माझ्या वहिनीचा आक्षेप आहे. ती सुंदर बारीक काम करते. तिचे म्हणणे, "अशा झटपट गोष्टींनी खरी कला मरेल. चिकाटीच उरणार नाही." तिचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. बारीक दोऱ्याच्या कामाला जी नजर लागते ती जाड लोकरीने येत नाही. पण वहिनी, ती नजर यायला आधी माणूस सुईपाशी थांबायला हवा! मी सोळाव्या वर्षी उठून गेले ती परत आले नाही. माझ्यासारख्या किती गेल्या असतील. पहिल्या आठवड्यात एक वस्तू पुरी झाली की माणूस थांबतो. भाचीने आता सुती दोऱ्याची गुंडी आणली आहे. वहिनीकडूनच शिकते आहे.

शिवाय क्रोशाचा इतिहास पाहिला तर ही कला मुळात दिखाव्याची नव्हेच. हा शब्द फ्रेंच. अर्थ छोटी आकडी. पोर्तुगीजांचा क्रोशे आणि आपला क्रोशा, दोन्ही त्याचीच लेकरे. 1845 पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजून दुष्काळ पडला तेव्हा तिथल्या मठांतल्या जोगिणींनी बायका-मुलींना क्रोशा शिकवला. श्रीमंतांच्या अंगावरची इटालियन लेस सुईने करायला फार वेळ घेई. तिची नक्कल एका आकडीने आणि साध्या दोऱ्याने लवकर व्हायची. त्या लेसच्या पैशांवर घरे तगली. म्हणजे गरजेपोटी, कमी खर्चात, झटपट करायचे काम हेच क्रोशाचे एक जुने कूळ आहे. त्याला रुखवताच्या टेबलावर नेऊन बसवले ते आपण.

पण कमी खर्चाच्या या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती मला स्कार्फ पुरा झाल्यावर समजली. किनाऱ्याकडच्या एका दुकानदाराने तो माझ्या गळ्यात पाहिला. "ताई, असे वीस करून द्या. लोकर तुमची, नगाला सहाशे देतो." मला आधी आनंदच झाला. नापास मुलीला गिऱ्हाईक मिळाले होते! घरी येऊन हिशेब केला. सहाशेतून लोकरीचे सव्वातीनशे वजा केले तर उरले पावणेतीनशे. दहा तासांचे. म्हणजे तासाला साडेसत्तावीस रुपये. तेवढ्यात हल्ली हॉटेलात भाजी-पावही मिळत नाही. मी त्याला तसे सांगितले तर तो सहज म्हणाला, "पण ताई, तुम्ही घरी बसूनच करणार ना?"

हे वाक्य नवे नाही. आंध्रातल्या गोदावरीकाठच्या नर्सापूरला मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात क्रोशाची लेस नेली आणि पुढे तिचा मोठा निर्यातधंदा झाला. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या बायकांवर 1982 साली पुस्तक लिहिले. त्यांनी दाखवले ते हेच. दिवसाचे कित्येक तास लेस विणणाऱ्या बाईला कोणी कामगार म्हणत नव्हते. ती गृहिणी, फावल्या वेळात विणते, मग मजुरी कशाला जास्त? माल परदेशी जायचा आणि बाई "घरी बसूनच" राहायची.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. स्वेटर यंत्रावर विणता येतात, पण खरा क्रोशा आजही कारखान्यातल्या यंत्रावर निघत नाही. क्रोशासारखे दिसणारे जाळीचे कापड निघते, ते वेगळे. म्हणून दुकानात खऱ्या क्रोशाची वस्तू फारच स्वस्त दिसली तर समजावे, की कुठे तरी कोणाच्या तरी बोटांनी तो फरक भरून काढला आहे.

तेव्हा काटकसर जरूर करा. लोकरीत करा, सुईत करा, जुना स्वेटर उसवून करा. हातांच्या तासांत करू नका. हे व्याख्यान देऊन पटत नाही. एकदा स्वतः बत्तीस खांबांच्या एकशेवीस ओळी मोजल्या की आपोआप पटते. त्यानंतर जत्रेच्या फेरीत लेस विकणाऱ्या बाईशी वीस रुपयांसाठी घासाघीस करायला जीभ वळत नाही. निदान माझी तरी वळली नाही.

मी दुकानदाराला नाही म्हटले. दुसरा स्कार्फ विणला तो आत्यासाठी. ती आता चौऱ्याऐंशीची आहे, डोळ्यांनी फारसे दिसत नाही. जत्रेच्या रात्री नाटकाला तिला घेऊन गेलो होतो. दंव पडायला लागल्यावर मी तो तिच्या खांद्यांवर घातला. ती बराच वेळ कडेवरून बोटे फिरवत बसली. मला वाटले, काही तरी बोलेल, जुने काही आठवेल. रंगमंचावर राजा रागावला होता, पेटीवाल्याने सूर लावला होता. आत्या माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "इथे एक खांब सुटलाय बघ."

सुटला होता खरा. सत्तराव्या ओळीच्या आसपास. मी म्हटले, "उसवू का?"

"नको," ती म्हणाली आणि स्कार्फ कानांवरून ओढून घेतला. "ऊब आहे."