खुब्यात कोणता सांधा बसवला, ते लिहून घ्या

खुब्याचा सांधा बदलला, माणूस चालू लागला, की घरचे निश्चिंत होतात आणि फाईल ट्रंकेत जाते. पण बसवलेला सांधा किती वर्षे टिकतो, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

चांगला सांधा बराच टिकतो. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार १०० पैकी सुमारे ८९ सांधे १५ वर्षे, ७० सांधे २० वर्षे आणि ५८ सांधे २५ वर्षे टिकले. सत्तरीतल्या आजीला एवढे पुरते. पण विदर्भात आपल्या अनेक घरांत सिकलसेल आहे. त्यात रक्तपुरवठा तुटून मांडीच्या हाडाचा गोळा मरतो आणि ऐन तारुण्यात सांधा बदलायची वेळ येऊ शकते. अशा मुलाला पुढे दुसरे ऑपरेशन लागण्याची शक्यता मोठी.

शिवाय सगळे सांधे सारखे नसतात. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीच्या ‘एएसआर’ सांध्यात वाटी आणि गोळा दोन्ही धातूचे होते. ते एकमेकांवर घासून कोबाल्ट-क्रोमियम रक्तात उतरत असे. पाच वर्षांत साधारण आठातल्या एका रुग्णाला पुन्हा ऑपरेशन लागते, हे ब्रिटनच्या राष्ट्रीय नोंदवहीतून दिसले. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने जगभरातून हा सांधा मागे घेतला. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला होता. त्यातल्या सुमारे ३,६०० रुग्णांचा पत्ताच लागला नाही. मग त्यांची तपासणी कोण करणार, भरपाई कोणाला देणार?

तिकडे नोंद होती म्हणून दोष पकडला गेला. आपल्याकडे प्रत्येक सांध्याची राष्ट्रीय नोंद सक्तीची हवी, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. गरिबाच्या शरीरात काय बसवले, हे गरिबाला कळलेच पाहिजे.

तोवर एवढे करा. सांध्याच्या खोक्यात कंपनीचे नाव, मॉडेल आणि लॉट नंबर असलेले स्टिकर असतात. त्यातले एक डिस्चार्ज कार्डावर लावून मागा, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. लाजू नका, तो तुमचा हक्क आहे. डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे काढा, दुखत नसले तरी. जांघेत नव्याने दुखू लागले, सूज आली किंवा चाल बदलली, तर मालिश करत बसू नका. कार्ड घेऊन थेट हाडांच्या डॉक्टरांकडे जा.