भाजीवर अंडे फोडा
मराठी घरात अंडी आली की त्यांचे रस्ते बहुधा ठरलेले असतात: कांदा-मिरची घालून ऑम्लेट, नाहीतर उकडून वाटणाच्या रश्शात. दोन्ही उत्तम. पण तिथेच थांबणे हा निव्वळ आळस.

मुंबईतल्या पारशी स्वयंपाकघरात जरा डोकावावे. तिथे भेंडीची, टोमॅटोची किंवा बटाट्याची भाजी, अगदी बटाट्याच्या तळलेल्या काड्या, म्हणजे सळीसुद्धा, कढईत पसरतात, चमच्याने खळगे करतात, प्रत्येकात एकेक अंडे फोडतात आणि वर झाकण ठेवतात. हा झाला ‘पर ईडू’. आच मात्र मंदच हवी. अंड्याचा पांढरा भाग साधारण 62 अंश सेल्सिअसपासून घट्ट होऊ लागतो, बलक त्याहून थोड्या जास्त तापमानाला. म्हणूनच वाफेवर पांढरे घट्ट होते आणि बलक ओलसर राहतो. घाईने गॅस मोठा केला, की खालची भाजी करपते आणि अंडे रबरासारखे होते.

कालची मेथी, वांग्याचे भरीत, काहीही चालते. (पातळ भाजी आधी आटवावी, नाहीतर अंडे पोहायला लागते.)

गोव्याच्या गाड्यांवरचे रॉस ऑम्लेटही याच जातीचे: ऑम्लेटवर कोंबडीचा झणझणीत रस्सा, चिरलेला कांदा, लिंबू, सोबत पाव. आदल्या दिवशीचा रस्सा उरला असेल तर घरीही चटकन जमते.

शिवाय एका अंड्यातून सुमारे 6 ग्रॅम प्रथिनेही मिळतात. अंडी खाणाऱ्या घरांनी उरलेली भाजी टाकून देण्याआधी एकदा तिच्यावर अंडे फोडून पाहावेच.