गंगाकाठचे कोरडे अर्थकारण

गोदावरीकाठचे गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमी. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादेतील निजामी राजवट संपली, १९५० च्या कूळ कायद्याने कसणाऱ्यास संरक्षण दिले आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामाला लागल्या. सत्ता खेड्यापर्यंत पोचली, असे तेव्हापासून सांगितले जाते. परंतु जिची भिस्त वरून येणाऱ्या अनुदानावर, त्या संस्थेची सत्ता कितीशी?

नदी उशाशी असूनही तालुक्याच्या बालाघाटाकडील डोंगराळ गावांत शेती पावसावरच. खरीप निघाला की हाताला काम नसते. मग मुकादमाची उचल घेऊन कुटुंबे ऊसतोडीला जातात. पोरांची शाळा सुटते. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने काम मागण्याचा हक्क मान्य केला. पण उचल रोख व आगाऊ मिळते, हमीची मजुरी कामानंतर. कर्जबाजारी मजूर कोणाकडे वळणार, हे उघड आहे.

म्हणून दिवाळीपूर्वीच बांधबंदिस्तीची कामे सुरू करण्याचा अधिकार आणि त्यासाठीचा निधी पंचायत समितीच्या हाती हवा. तोवर विकेंद्रीकरण म्हणजे केवळ कचेऱ्यांची वाढ होय.