बोर्डावर 'तज्ज्ञ', पण डिग्री कुठंय?
मंडळी, सेकंडहँड गाडी घ्यायची तर आपण चार मेकॅनिकना विचारतो. कान दाखवायचा असला की मात्र मेडिकलवाला बोट दाखवेल तिकडं! बोर्डावर हातभर अक्षरात 'कान-नाक-घसा तज्ज्ञ', आणि डिग्री भिंग लावून शोधायची. एम.एस. (ईएनटी), डीएनबी किंवा डीएलओ आहे का, ते बघा. आयुर्वेदातली शालाक्यतंत्राची एम.एस. पण खरीच डिग्री आहे, मग ती तशी लिहा ना. नुसतं 'एम.एस.' लिहून पेशंटला का चकवता?

भांडण अक्षरांचं नाही. अचानक एका कानानं ऐकू येईनासं झालं तर ती इमर्जन्सी असते. ऑडिओमेट्री करून स्टेरॉइडचा उपचार लवकर सुरू झाला तर ऐकू परत येण्याची आशा जास्त. पहिले दोन आठवडे मोलाचे. आपल्याकडं ते 'मळ साचलाय' म्हणत ड्रॉप टाकण्यात जातात. (कोमट तेल ओतणारे घरचे तज्ज्ञ वेगळेच.)

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर ॲलोपॅथी डॉक्टरची नोंदणी बघता येते. बघा. ऑडिओमेट्रीशिवाय कुणी श्रवणयंत्र गळ्यात मारत असेल, तर रिपोर्ट मागा. चिडला तर सरळ उठून या.