पिकली पानं आणि पिकलबॉल

पन्नाशी उलटली की माणूस एक तर अध्यात्माकडे वळतो, नाहीतर खेळाकडे, असं माझं निरीक्षण आहे. यातला अध्यात्माकडे वळणारा निदान वळताना पाय मुरगळून घेत नाही.

सध्या आमच्या कोल्हापुरात दुसऱ्या पंथाची चलती आहे आणि त्या पंथाचं ताजं दैवत म्हणजे पिकलबॉल. हा खेळ १९६५ साली अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका बेटावर, सुट्टीत कंटाळलेल्या पोरांसाठी जन्मला. आपल्याकडे तो रुजवला मुंबईच्या सुनील वालावलकरांनी. २००८ साली त्याची अखिल भारतीय संघटनाही झाली. पोरांसाठी निघालेला खेळ बघता बघता आजोबांनी पळवला.

कोर्ट अवघं ४४ बाय २० फूट. भोकाभोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू. "एवढ्याशा जागेत लागायचंय काय?" असं सगळे म्हणतात आणि तिथंच फसतात. जागा लहान म्हणूनच दोन पावलं झपकन् पळायचं, गचकन् थांबायचं, गर्रकन् वळायचं. घोटा, पोटरी आणि गुडघा यांचं नेमकं याच तीन क्रियांशी वैर असतं. त्यातून जाळीच्या दोन्ही बाजूंच्या सात-सात फुटांच्या पट्ट्याला म्हणतात 'किचन'. जन्मात घरच्या किचनमध्ये पडलेला चमचा उचलायला न वाकलेले गृहस्थ या किचनच्या कडेला तासभर वाकून उभे राहतात आणि रात्री कंबर धरून म्हणतात, "अगं, जरा पाणी गरम कर."

माझा राग खेळावर नाही. बिनतयारीवर आहे. दुसऱ्या एखाद्या गावाला मी क्षमा केली असती. पण हे कोल्हापूर आहे! शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबाग मैदान उभारलं, ते १९१२ साली तयार झालं. गंगावेश, मोतीबाग या तालमींची नावं इथं देवळांसारखी घेतली जातात. तालमीत गेलेल्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी कुस्ती धरू देतो काय? आधी हौदा उकरायला लावतो, मग जोर, मग बैठका. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ केलेली असते, म्हणजे पडला तरी पोरगा मातीच्या मांडीवर पडावा. आणि आम्ही? स्कूटर स्टँडवर लावायची, हेल्मेट काढायचं आणि थेट सिमेंटवर सर्व्हिस!

दहा मिनिटं भरभर चाला, हातपाय फिरवा, चार अर्ध्या बैठका मारा, असं मी शेजाऱ्यांना सुचवलं. "अहो, आम्ही शाळेत कबड्डी गाजवलीय!" असं उत्तर आलं. शाळा सुटून चाळीस वर्षं झाली हे पोटरीला पक्कं ठाऊक असतं. डोक्यालाच कुणी कळवलेलं नसतं.

बुटांचंही तेच. रंकाळ्यावर फिरायचे बूट सरळ चालण्यासाठी असतात. आडवं पाऊल टाकलं की ते कलंडतात आणि मालकालाही कलंडवतात. कोर्टवर कोर्टचेच बूट हवेत. चेंडू डोक्यावरून गेला तर उलट पावली धावू नका. अंग वळवून धावा, नाहीतर सरळ सोडून द्या. गुण गेला तर पुढचा मिळेल; मागं पडताना टेकलेलं मनगट मोडलं तर कित्येक आठवडे प्लास्टर मिळेल. बॅटही चोराची मानगूट धरल्यासारखी आवळू नये. नाहीतर उभ्या आयुष्यात टेनिस न खेळता 'टेनिस एल्बो' होतो.

आता दुसरा गुन्हा. पाय मुरगळला की आमच्या गावात सल्लागार जमिनीतून उगवतात. "पाव्हणं, गरम त्याल लावून चोळा की! उद्या पळत सुटशीला!" तालमीतल्या जाणत्या वस्तादाचा हात वेगळा आणि चहाच्या गाड्यावरचा सल्ला वेगळा. ताज्या दुखापतीत आत रक्त साकळत असतं. त्यावर शेक आणि चोळणं म्हणजे सूज वाढवायचं आमंत्रण. पहिले दोन दिवस विश्रांती घ्या. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, असं दिवसातून चार-पाच वेळा धरा. क्रेप बँडेज बांधा आणि पाय उशांवर उंच ठेवा. चार पावलंही टाकता येत नसतील, तर तेलाची बाटली खाली ठेवा आणि एक्स-रे काढा. आणि पोटरीखाली मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं, वळून पाहिलं तर मागं कुणीच नाही, तर ते भूत नव्हे. टाचेचा स्नायूबंध तुटलेला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

हे वाचून "बघा, आम्ही म्हणत नव्हतो, या वयात कशाला?" असं म्हणणाऱ्यांनी उगाच हुरळून जाऊ नये. त्यांच्याशीही माझं भांडण आहे. खुर्चीत बसून गुडघे शाबूत राहत नाहीत, फक्त गंजतात. तेव्हा खेळा, जरूर खेळा. फक्त घरी रोज जिन्याच्या पायरीवर टाचा उचला, कठडा धरून एका पायावर उभे राहा, आणि पाय दुखत असेल त्या दिवशी मुकाट्यानं स्कोअर मोजा.

पिकलं पान कधीतरी गळणारच, त्याला इलाज नाही. पण ते वाऱ्यानं गळावं. दहा मिनिटं वाचवायच्या नादात गळू नये.